उदार टेबल

द्वारका, सेक्टर १२
५ ऑक्टोबर

यतीन,

फोन करत नाही, कारण फोनवर तू "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस, मी "बरं" म्हणते आणि आपलं बोलणं तिथेच मिटतं. शिवाय ह्या दोन खोल्यांत मी फोनवर बोललेलं सगळं बाबांना ऐकू जातं. पत्र तुला मध्येच कापता येणार नाही. वाचायचं नसेल तर फाड, पण फाडायलाही उघडावं लागेल.

बातमी अशी, की पूलचं टेबल आपल्याकडे आलं आहे. हो, तेच. आर. के. पुरमच्या कॉलनी क्लबातलं, कुठल्याशा दूतावासाने मोडीत काढलेलं आणि क्लबने लिलावात उचललेलं. क्वार्टर पाडायला घेतली तेव्हा क्लबचं सामानही निघालं. बाबांनी कोणाला न विचारता ते टेबल आणून आपल्या सोसायटीच्या बेसमेंटच्या हॉलमध्ये ठेवून घेतलं. कमिटीने विरोध केला नाही. बाबा कमिटीवर आहेत आणि सभेची मिनिट्सही तेच लिहितात.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला विचारलं, हे दोनशे चौदा म्हणजे काय भानगड आहे. मी त्यांना समजावलं. टेबलावर पंधरा बॉल. कुठलाही आधी पाडा. एक उरला की पाडलेले चौदा पुन्हा त्रिकोणात लावायचे आणि खेळ पुढे चालू ठेवायचा, चुकेपर्यंत. आमच्या ह्यांनी एका दमात, एकदाही न चुकता, दोनशे चौदा पाडले. मुनिरक्यातल्या पूल पार्लरमध्ये आजही पोरं तो आकडा सांगतात. बाई म्हणाल्या, "अच्छा, फिर?" फिर काही नाही. आपलं घर इतकी वर्षं त्याच आकड्यावर मान ताठ ठेवून चाललं. पगारवाढ नाही मिळाली, डेप्युटी सेक्रेटरी होता आलं नाही, तरी दोनशे चौदा होते.

आणि मग गेल्या दिवाळीत तू आलास, क्लबात जाऊन त्या टेबलाची पॉकेट, बॉल पडायची ती भोकं, मापाच्या गेजने मोजलीस आणि तुझ्या चॅनेलवर सांगितलंस, "बाबांचे दोनशे चौदा खरे आहेत, पण टेबल उदार होतं." साडेपाच इंचांचं तोंड, स्पर्धेत साडेचार असतं. वाक्य तुझ्या तोंडून किती सहज निघालं. त्यानंतर ह्या घरात कोणी काही सहज बोललेलं नाही.

आता बाबांनी करोल बागेतून टेबलं दुरुस्त करणारा माणूस बोलावून प्रत्येक पॉकेटच्या दोन्ही गालांवर, म्हणजे तोंडाच्या दोन्ही बाजूंना, रबराच्या दोन-दोन पट्ट्या चिकटवून घेतल्या आहेत. तोंड बरोबर साडेचार. त्याच टेबलावर पुन्हा दोनशे चौदा पाडणार आणि मगच तुझ्याशी बोलणार, असं त्यांनी जाहीर केलं आहे. आंघोळ झाली की खाली जातात. जेवायला बोलवावं लागतं.

तो व्हिडिओ काढून टाक. एवढंच मागते आहे. तब्येती ठीक आहेत. परवा बाबा जिन्यात बसलेले सापडले. म्हणाले, लिफ्ट बंद होती. लिफ्ट चालू होती. पण ते जाऊ दे.

आई

८ नोव्हेंबर

यतीन,

तुझं उत्तर पोचलं. एवढ्या मोठ्या पाकिटात एकच ओळ: "मी माप सांगितलं, मत सांगितलं नाही." माझ्या हाताखालचा एखादा असिस्टंट असं नोटिंग करायचा तेव्हा मी फाइल परत पाठवायचे. तुला कशी पाठवू?

मग ऐक दुसरी बाजूही. जयदीपकाका रोज संध्याकाळी येतात. बाबांबरोबर क्लबात खेळायचे ते, दोनशे चौदा पाडले त्या दिवशी मोजायला तेच उभे होते. त्यांचं म्हणणं, यतीनने पॉकेट मोजली, पण कपडा कुठे मोजला? तेव्हा टेबलावर घोंगडीसारखा जाड कपडा होता. हॉलमध्ये कूलर, त्याची ओल कपड्यात मुरलेली. बॉल एकमेकांना चिकटून बसायचे, फोडले तरी मोकळे होत नसत, एकेक उकरून काढावा लागायचा. आजच्या गुळगुळीत कपड्यावर एका फटक्यात सगळे पसरतात आणि पोरं आरामात पाडत सुटतात. तेव्हा तोंड रुंद, पण चाल कठीण. आता तोंड अरुंद, पण चाल सोपी. कोणाचा आकडा मोठा ते कोण ठरवणार?

मला हे पटलं होतं. बाबांना मात्र एवढ्यावर थांबायचं नाही. त्यांनी काय केलं माहीत आहे? पॉकेट आजची ठेवली आणि कपडा जुन्यासारखा जाड घालून घेतला. दोन्हीकडची अडचण एका टेबलावर. जयदीपकाका त्यांना म्हणाले, "यार विनायक, असं टेबल कुठल्याच काळात नव्हतं. ह्यावर कोणीच खेळलेलं नाही."

बाबा म्हणाले, "म्हणूनच. मग कोणाला बोलायला जागा उरणार नाही."

ते "कोणाला" म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणजे तुझी बाजू, असं हल्ली धरून चालतात.

त्या टेबलावर त्यांचे तीस होतात, कधी चाळीस. मग बॉल पॉकेटच्या गालावर खडखडतो आणि बाहेर येतो. तो आवाज मला आता वर स्वयंपाकघरातही ऐकू येतो असं वाटतं, येत नसणार. हवा तुला बातम्यांत दिसत असेलच. समोरची बिल्डिंग दिसत नाही आणि घशात जळल्यासारखं होतं. बाबांनी बेडरूममधलं हवा शुद्ध करायचं यंत्र खाली टेबलाजवळ नेलं आहे. मी विचारलं, मी काय करायचं? म्हणाले, खिडक्या लावून घे.

मागच्या पत्रात तब्येती ठीक आहेत असं लिहिलं होतं. माझी ठीक आहे. बाबांना धाप लागते, डावा खांदा चोळत असतात. जयदीपकाकांनी ओढून हॉस्पिटलमध्ये नेलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी ऍडमिट व्हायला सांगितलं आहे. बाबा म्हणाले, "दोनशे चौदा झाले की होतो. पळून थोडाच जातोय." आणि बिल्कुल शांतपणे खाली गेले.

म्हणून म्हणते, चार शब्द परत घे. खोटे घे हवं तर.

आई

१९ नोव्हेंबर

यतीन,

ह्या वेळी तू एक ओळही पाठवली नाहीस. ठीक. मी सगळं सांगत नाही हे तुला कळत असणार. आज सांगते.

तपासणीनंतर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं होतं, बाबा आत शर्टाची बटणं लावत होते तेव्हा. हृदयाला रक्त देणारी मुख्य नळीच जवळजवळ बंद आहे. बायपास करावी लागेल, तीही लवकर. "इन्हें घर पर रखना ठीक नहीं है," असं म्हणाले. मी विचारलं, त्यांना सांगू का? डॉक्टर म्हणाले, ते तुम्ही बघा.

मी सांगितलं नाही. आपल्याकडे कोण सांगतं? तुझ्या आजोबांना शेवटपर्यंत अल्सरच आहे असं आपण सांगत होतो, आणि सगळे पाहुणे दारातच शिकवल्यासारखे अल्सर-अल्सर करत आत जायचे. बाबांना मी म्हटलं, एक छोटी नळी जरा अरुंद आहे, किरकोळ काम आहे. किरकोळ आहे म्हटल्यावर ते थांबायला मोकळे झाले. हे माझ्या घरी येईपर्यंत लक्षात आलं नाही, आणि मग उलटं सांगायची हिंमत झाली नाही. त्यांचा धसक्यानेच जीव जाईल असं वाटलं.

मग मी दुसरं काम केलं. गेल्या आठवड्यात जयदीपकाका त्यांना रक्त तपासायला घेऊन गेले, तेव्हा करोल बागेतल्या त्या माणसाला मी बोलावून घेतलं. म्हटलं, प्रत्येक गालावरची एक-एक पट्टी काढा. तो म्हणाला, "साहब से पूछ लूँ?" मी म्हटलं, साहेबांनीच सांगितलंय. ते परत यायच्या आत तो सगळं पुसून, झाडून निघून गेला. दोन पट्ट्यांच्या जागी एक. तोंड पाच इंच झालं असेल. बघून मला तर काही फरक दिसला नाही.

त्या संध्याकाळी बाबांचे सत्तर झाले. दोन दिवसांनी शंभराच्या वर गेले. काल जेवताना स्वतःहून वांग्याची भाजी दुसऱ्यांदा मागितली, आणि मला म्हणाले, "हात परत आला, अलका." लग्नानंतर पहिल्यांदा बढती मिळाली तेव्हा असा चेहरा झाला होता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण रात्रभर उशा रचून बसून झोपतात, आडवं होता येत नाही त्यांना.

लवकर होऊ देत ते दोनशे चौदा. मी टॅक्सीवाल्याचा नंबर फ्रिजवर लावून ठेवला आहे. आकडा झाला की त्याच पावली हॉस्पिटल. जयदीपकाकांना पट्ट्यांचं ठाऊक नाही. आता तुला आहे.

आई

१ डिसेंबर

यतीन,

झाले. काल दुपारी, जयदीपकाका मोजत होते आणि मी खुर्चीवर बसून होते. सोसायटीतले आठ-दहा लोक आले होते. बाबा टेबलाभोवती फार हळू चालत होते. प्रत्येक बॉलनंतर एक हात टेबलाच्या कडेवर टेकायचा, श्वास घ्यायचा, मग पुढचा. कपाळावर घाम, आणि हॉलमध्ये तर थंडी होती. मी मनात म्हणत होते, चुका आता, चुका आणि बसा खाली. लगेच दुसरं मन म्हणायचं, चुकू नका, नाहीतर उद्या परत हेच. दोनशे चौदाला जयदीपकाकांचा आवाज चिरकला. बाबांनी आणखी एक पाडला, क्यूची काठी टेबलावर आडवी ठेवली आणि बसले. ओठ निळे दिसत होते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टॅक्सीला फोन लावला. बाबा म्हणाले, "टॅक्सी कशाला? आधी मोजणी."

यतीन, मी बत्तीस वर्षं त्यांच्याबरोबर त्याच सरकारात नोकरी केली. आकडा कागदावर आला म्हणून आपली माणसं समाधान मानत नाहीत, जागेवर जाऊन तपासणी लागते, हे मला कळायला नको होतं? मला वाटलं, त्यांना दोनशे चौदा हवे आहेत. त्यांना साडेचार हवे होते.

जयदीपकाका म्हणाले, "यार, मी मोजतो ना. चल, दोन मिनिटांचं काम." बाबांनी मान हलवली. "तू मित्र आहेस. तुझं माप कोण मानेल? यतीनला बोलाव. त्याने मोजलं तर मोजलं. तो खोटं बोलणार नाही."

पुढचं ऐक. मी रात्रीत पट्ट्या परत चिकटवून घेतल्या असत्या. पण बाबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, हॉलला कुलूप लावलं, कुलपाला सुतळी गुंडाळली आणि त्यावर लाख ओतून अंगठीचा ठसा उमटवला. निवडणूक ड्यूटीवर मतपेट्या सील करायचे तसं. किल्ली खिशात. मोजणी होईपर्यंत हॉस्पिटलचं नाव काढायचं नाही, असं मला बजावलं आहे. वर यायला त्यांना किती वेळ लागला ते लिहीत नाही.

काल संध्याकाळी फोनवर मी तुला "रविवारी ये" एवढंच म्हटलं, आणि तू "येतो" म्हणालास. ते शेजारी बसले होते म्हणून पुढचं बोलता आलं नाही. हे पत्र तुला तू निघायच्या आधी मिळेल असं पोस्टातल्या बाईंनी सांगितलं आहे.

ये. मोज. आणि साडेचार म्हण.

तू म्हणशील, आई, मी ह्याच एका गोष्टीसाठी वर्षभर घराबाहेर आहे. मला माहीत आहे. तू खरं बोललास म्हणून मी तुझ्याशी भांडले, आणि आता खोटं बोलायला बोलावते आहे. मला दुसरं काही सुचत नाही. पाच म्हणालास तर ते पट्ट्या लावून पुन्हा सुरुवात करतील, आणि पुन्हा सुरुवात करण्याएवढे दिवस त्यांच्याकडे नाहीत. घरात मुलगा साडेचार म्हणाला आणि बाप हॉस्पिटलात गेला, एवढंच मला हवं आहे. पाप लागलं तर मला लागू दे.

आई

१० डिसेंबर
हॉस्पिटल, ऑपरेशन थिएटरबाहेर

यतीन,

तू आत्ता विमानात असशील. सकाळी फोनवर एवढंच सांगितलं, की दुखायला लागलं म्हणून ऑपरेशन उद्याऐवजी आजच करताहेत. बाकीचं फोनवर बोलण्यासारखं नाही आणि तू समोर आलास की माझ्याने बोलवणार नाही. पोचलास की हा कागद हातात देईन.

रविवारी तू फार चांगलं केलंस. सील तोडलं, वाकलास, सगळी पॉकेट एकामागून एक मोजलीस आणि म्हणालास, "साडेचार, बाबा. सगळी." तुझा आवाज अगदी रोजच्यासारखा होता. जयदीपकाकांनी तुझ्या पाठीवर थाप मारली. बाबांनी तुझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "ठीक. उद्या ऍडमिट होतो." मला तिथेच रडू आलं. तुला वाटलं असेल, सुटलो. मलाही तसंच वाटलं. रात्रीच्या विमानाने तुला परत पाठवताना बाबांनी तुझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला होता, ते मी बघितलं आणि समेट झाला असं समजले.

आज सकाळी आत न्यायच्या आधी त्यांनी नर्सला थांबवलं. मला म्हणाले, "अलका, पट्ट्या तू काढायला लावल्यास ना?"

मी हो म्हटलं. आता लपवून काय करणार होते?

"पहिल्याच दिवशी कळलं होतं. साडेचारात गालाला लागलेला बॉल बाहेर येतो. ते आत पडायला लागले. हाताला कळलं, पण पडत होते, बरं वाटत होतं. मी म्हटलं, चालू दे. यतीन येईल आणि पाच म्हणेल. त्याने पाच म्हटलं असतं तर हसलो असतो मी. म्हटलं असतं, तुझं तेव्हाही बरोबर होतं, आणि गेलो असतो गपचूप हॉस्पिटलात."

मी विचारलं, "मग त्याने साडेचार म्हटल्यावर का बोलला नाहीत?"

"त्याने गेज तोंडाशी लावलंच नाही. बोटभर आत लावलं. आत पॉकेट अरुंदच असतं, त्याला माहीत नाही होय? सगळी पॉकेट तशीच मोजली त्याने." मग थांबले. दम लागला होता. "त्या पोराने मला कधी खोटं सांगितलं नाही. माझं नाव गेलं तरी सांगितलं नाही. तो माझ्या तोंडावर खोटं बोलला तेव्हा मला कळलं, डॉक्टर तुला बाहेर काय म्हणाले असतील. छोटी नळी नाही ना ती?"

मी त्यांच्या अंगावरची चादर नीट करत राहिले. तेच उत्तर झालं.

त्यांनी माझं मनगट धरलं. ज्या हाताने ते क्यू धरतात, त्याच हाताने. म्हणाले, "रविवारपासून मला झोप नाही. मला भीती वाटते आहे, अलका." इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. नर्स म्हणाली, "माताजी, हटिए," आणि त्यांना घेऊन गेली. दार बंद होईपर्यंत ते माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांना सांगण्यासारखं एकही खरं वाक्य सापडलं नाही.

तू खोटं बोललास म्हणून ते इथवर आले. आणि तू खोटं बोललास म्हणूनच, आपण मरणार आहोत असं समजून ते आत गेले. दोन्ही मी तुझ्याकडून करवून घेतलं. तू स्वतःला काही लावून घेऊ नकोस.

डॉक्टरांनी सांगितलेला वेळ उलटून गेला आहे. जयदीपकाका चौकशी करून आले, काही सांगत नाहीत म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता चहा आणायला गेले. लवकर ये. ते दार उघडेल तेव्हा मला एकटीने उभं राहायचं नाही.

आई